प्रोसेसरचा ताप आणि खिशाला परवडणारा उतारा

‘कूलर’ हा शब्द कानावर पडला की विदर्भातील माणसाच्या डोळ्यांसमोर खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी उभी राहते. होळी आटोपली की ती बाहेर काढायची, तिच्या तिन्ही बाजूंना नव्या ताट्या बसवायच्या, बादल्यांनी पाणी भरायचे आणि वाळ्याच्या त्या ओलसर वासात दुपार काढायची. गेल्या उन्हाळ्यात दुबईहून नागपूरला आईशी फोनवर बोलताना मी सहज म्हणालो, की संध्याकाळी कूलर पाहायला बाजारात जायचे आहे. “अरे, तिकडे घरोघरी एसी असताना कूलर कशाला रे?” तिने आश्चर्याने विचारले. हा कूलर माणसांसाठी नसून संगणकासाठी आहे, असे सांगितल्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, “त्यालाही उकडतं का?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. संगणकाला किती उकडते आणि तो ठेवलेल्या खोलीत मुळात किती उकडते, या दोन गोष्टी ठाऊक असल्या तर डेस्कटॉपच्या प्रोसेसरसाठी कूलर निवडणे सोपे होते आणि बहुतेकांचे काम फार थोड्या पैशांत भागते. त्या ठाऊक नसल्या, की दुकानदार सांगेल ती किंमत मोजावी लागते. हा लेख त्या दोन गोष्टींविषयी आहे.

आजार कुठे, औषध कुठे

माझा संगणक घरातल्या एका लहान खोलीत असतो. मुळात ती सामान ठेवण्याची खोली. तिला खिडकी नाही आणि एसीचा झोत तिथवर पोहोचत नाही. घरून काम करण्याचे दिवस आले तेव्हा तिथे टेबल मांडले आणि बातम्यांच्या चित्रफितींचे संपादन तिथेच होऊ लागले. जुलैमध्ये संगणकाचा पंखा विमान उड्डाणाच्या तयारीत असल्यासारखा घोंघावू लागला. दहा मिनिटांत पूर्ण होणारी चित्रफीत पंधरा-सोळा मिनिटे घेऊ लागली. प्रोसेसरचे तापमान पाहिले, तर आकडा ९८ अंश सेल्सिअस.

बर दुबईतील खालिद बिन अल वलीद मार्ग हा इथल्या संगणकवाल्यांचा जुना बाजार. तिथल्या एका दुकानात मी आकडा सांगताच विक्रेत्याने रंगीत दिव्यांचा, पाण्यावर चालणारा कूलर पुढे केला. किंमत सहाशे दिरहमच्या वर. प्रोसेसर कोणता, कॅबिनेट केवढे, खोली कशी, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. मीही त्याला दोष देत नाही. औषध मागायला गेलेल्या माणसाला आजार कुठला हे निदान स्वतःला तरी ठाऊक असावे. मी रिकाम्या हातांनी परतलो आणि आधी मोजायला बसलो.

टेबलाखाली ठेवलेल्या साध्या तापमापकाने ३४ अंश दाखवले. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर धुळीचा असा थर होता, की बोटाने नाव लिहिता यावे. जाळी धुतली, आतली धूळ फुंकून काढली आणि खोलीचे दार उघडे ठेवून बाहेरची थंड हवा आत येईल असा एक पंखा लावला. तेवढ्यावरच प्रोसेसरचे तापमान जवळपास दहा अंशांनी उतरले. खर्च शून्य. उरलेल्या कामासाठी कूलर लागणारच होता. परंतु आता तो केवढा लागेल याचा अंदाज आला होता.

कूलर थंड करत नाही, उष्णता वाहून नेतो

नागपूरचा कूलर आणि प्रोसेसरचा कूलर यांच्यात एक मूलभूत फरक आहे. ताट्यांवरून झिरपणारे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि जाताना हवेतील उष्णता घेऊन जाते. म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा थंड वारा खोलीत येतो. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. प्रोसेसरवरील कूलरमध्ये मात्र काहीही उडून जात नाही. तो एका ठिकाणची उष्णता दुसऱ्या ठिकाणी नेतो आणि भोवतालच्या हवेच्या स्वाधीन करतो. म्हणून कितीही महागडा घेतला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

त्याची रचना पाहू. प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा सपाट तळ टेकतो. त्या तळातून तांब्याच्या नळ्या वर निघतात आणि ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यांच्या चळतीतून आरपार जातात. पंखा त्या पत्र्यांमधून हवा ढकलतो. पत्रे पुष्कळ असल्याने हवेला उष्णता उचलून नेण्यासाठी मोठे क्षेत्र मिळते.

खरी करामत त्या नळ्यांची आहे. त्या भरीव नसतात. आतील हवा काढून टाकून त्यांत अगदी थोडे पाणी ठेवलेले असते आणि दोन्ही टोके बंद केलेली असतात. दाब कमी असल्याने ते पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालीच उकळते. तळाशी त्याची वाफ होते, वाफ वरच्या थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली परतते. समईच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तसाच हा परतीचा प्रवास. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी तयार केली. तिचा आरंभीचा वापर अवकाशयानांत झाला; आज तीच नळी वीस डॉलरच्या कूलरमध्ये मिळते. स्वस्त कूलर इतके चांगले का झाले, याचे एक उत्तर इथे आहे. तंत्र जुने आहे, त्यात गुपित असे फारसे उरलेले नाही.

खोलीचे तापमान मोजल्यावाचून आकड्याला अर्थ नाही

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तिची जवळपास सगळी उष्णता होते. समजा, एखादा कूलर प्रत्येक वॅटमागे प्रोसेसरला हवेपेक्षा अर्धा अंश वर चढू देतो. १०० वॅट उष्णतेला प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी अधिक तापेल. खोली २४ अंशांवर असेल तर ७४ आणि ३४ अंशांवर असेल तर ८४. कूलर तोच, प्रोसेसर तोच, काम तेच.

परीक्षणांत छापून येणारे आकडे बहुधा वातानुकूलित खोलीत मोजलेले असतात. आखातातील बंद खोली किंवा मे महिन्यातील नागपूरचे घर त्यांच्या हिशेबात नसते. ही अडचण फक्त उष्ण देशांची आहे असेही नाही. लंडनमधील आपल्या वाचकांना १९ जुलै २०२२ हा दिवस आठवत असेल. त्या दिवशी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळिशीच्या पार गेला आणि तिथल्या बहुसंख्य घरांत एसी नाही. म्हणून दुसऱ्याचा आकडा वाचताना आपल्या खोलीचा फरक त्यात मिळवावा. शिवाय कॅबिनेटच्या आत ग्राफिक्स कार्डही तापत असल्याने तिथली हवा खोलीपेक्षा आणखी काही अंशांनी गरम असते, हे ध्यानात ठेवावे.

किती तापमान म्हणजे अधिक? इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा साधारणपणे १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ आणि त्याच मालिकेतील रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९. ही मर्यादा आली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तरीही तापत राहिला तर संगणक बंद होतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कूलर निसटला तर काही प्रोसेसर क्षणांत जळून जात. आज तशी वेळ येत नाही. आज पैसे वाया जातात ते वेगाच्या रूपाने. आपण वेगवान प्रोसेसरची किंमत मोजलेली असते आणि तो मात्र मंद प्रोसेसरसारखा वागतो.

एक अपवाद सांगितला पाहिजे. रायझन ७००० मालिकेतील ‘एक्स’ प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत मुद्दामच जातात. मर्यादेपर्यंत जी मोकळीक मिळेल ती वेगासाठी वापरावी, अशीच त्यांची रचना आहे. तिथे मोठा कूलर बसवूनही आकडा ९५ दिसू शकतो, फक्त वेग थोडा वाढलेला असतो. अशा वेळी घाबरून आणखी मोठ्या कूलरच्या मागे लागू नये.

पेटीवरचा आकडा आणि खरा आकडा

प्रोसेसरच्या माहितीत वॅटचा एक आकडा ठळकपणे दिलेला असतो. तो बहुधा पूर्ण सत्य सांगत नाही. इंटेल कोअर आय५-१२४०० या लोकप्रिय प्रोसेसरचा मूळ आकडा ६५ वॅट आहे, पण पूर्ण वेगात असताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. कोअर आय५-१४६००के १२५ वरून १८१ पर्यंत आणि कोअर आय७-१४७००के १२५ वरून २५३ पर्यंत. एएमडीच्या सध्याच्या एएम५ बैठकीवरील प्रोसेसरांचा हिशेब सरळ आहे. ६५ वॅटचा प्रोसेसर कमाल ८८ वॅट घेतो, १०५ चा १४२, १२० चा १६२ आणि १७० चा २३०. कूलर घेताना या दोन आकड्यांपैकी मोठा आकडा लक्षात घ्यावा.

कूलरच्या पेटीवरही ‘२२० वॅट’, ‘२५० वॅट’ असे काहीतरी छापलेले असते. त्यासाठी सर्व उत्पादकांनी मान्य केलेले एकच मोजमाप नाही. प्रत्येक जण आपल्या परीने मोजतो. म्हणून दोन कंपन्यांच्या कूलरांची तुलना या आकड्यांवरून करू नये. दोन्ही कूलर एकाच प्रोसेसरवर, एकाच खोलीत तपासणारे परीक्षण त्यापेक्षा विश्वासार्ह.

मोठा कूलर घेतला म्हणजे उष्णता त्याच प्रमाणात लवकर निघते, असेही नाही. रायझन ७००० मधील गणना करणारा सिलिकॉनचा तुकडा एक चौरस सेंटिमीटरहूनही लहान असतो. एवढ्याशा जागेतून शंभरावर वॅट बाहेर पडायचे असतात. अरुंद दारातून गर्दी बाहेर पडत असताना अंगण कितीही मोठे केले तरी दाराशी खोळंबा व्हायचाच. एका मर्यादेनंतर कूलरवर अधिक पैसे ओतून मिळणारे अंश दोन-चारच असतात, याचे कारण हेच.

आधी फुकटचे उपाय

कूलर घेण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली म्हणजे सफाई. आखातात शमाल वारे सुटले की बारीक धूळ दारे-खिडक्या बंद असतानाही आत येते. दर दोन-तीन महिन्यांनी जाळ्या धुवाव्यात. हवा फुंकून धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा ती गरगर फिरून पंखा खराब होण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट हवेच्या वाटेची. कॅबिनेट भिंतीला चिकटून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. समोरून आत घेणारा किमान एक पंखा आणि मागून बाहेर टाकणारा एक पंखा हवा. हे नसेल तर नव्या कूलरआधी दहा डॉलरचा कॅबिनेटचा पंखा अधिक उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट बायोसमधील विजेच्या मर्यादेची. अनेक मदरबोर्डांवर इंटेलच्या प्रोसेसरची ही मर्यादा कारखान्यातूनच ढिली ठेवलेली असते. ती प्रोसेसरच्या अधिकृत आकड्यावर आणावी. एएमडीच्या प्रोसेसरसाठी ‘इको मोड’ नावाची सोय आहे. १०५ वॅटचा प्रोसेसर तिच्यामुळे ६५ वॅटच्या शिस्तीत चालतो. विजेत मोठी कपात होऊनही रोजच्या कामाचा वेग फारसा घटत नाही, कारण वेगाच्या शेवटच्या काही टक्क्यांसाठीच सर्वाधिक वीज खर्च होत असते.

इथेच एक सावधगिरीची सूचना. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होण्याचा प्रश्न २०२४ साली गाजला. त्याचे मूळ प्रोसेसरला मिळणाऱ्या वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजमध्ये होते. कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत सुधारणा दिल्या आणि संबंधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. आपला संगणक अशा प्रोसेसरवर असेल आणि वारंवार अडखळत असेल, तर आधी बायोस अद्ययावत करावे. कूलर बदलून तो दोष जात नाही.

कोणी काय घ्यावे

प्रोसेसरसोबत पेटीत कूलर आला असेल आणि काम पत्रव्यवहार, तक्ते, बैठका इतकेच असेल, तर काहीच घेऊ नये. रायझन ५ ७६०० किंवा कोअर आय५-१२४०० सोबत मिळणारा छोटा कूलर आपले काम करतो; फक्त जोर लावला की आवाज करतो. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरांसोबत आणि रायझन ७००० मधील ‘एक्स’ प्रोसेसरांसोबत मात्र कूलर येत नाही. तिथे खरेदी अटळ आहे.

त्या आवाजाचा त्रास होत असेल किंवा खोली उष्ण असेल, तर चार नळ्या, पत्र्यांचा एक मनोरा आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला कूलर पुरतो. थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० या वर्गात २० डॉलरच्या आसपास मिळतो. कूलर मास्टरचा हायपर २१२ हे या वर्गातले जुने आणि परिचित घराणे. ६५ वॅटच्या बहुतेक प्रोसेसरांना एवढे पुरेसे आहे.

प्रोसेसरची खरी भूक १४० ते १८० वॅटच्या घरात असेल, किंवा चित्रफिती, त्रिमितीय आराखडे, मोठ्या आज्ञावल्या अशा कामांत तो तासन्‌तास राबत असेल, तर दोन मनोऱ्यांचा कूलर घ्यावा. थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसई या कूलरने २०२२ नंतर या वर्गाची किंमतच बदलून टाकली. सहा नळ्या, दोन पंखे आणि किंमत साधारण ३५ ते ४० डॉलर, म्हणजे १३० ते १५० दिरहम. आर्क्टिकचा फ्रीझर ३६ हाही याच किमतीच्या आसपासचा चांगला पर्याय. त्यात मनोरा एक असला तरी पंखे दोन आहेत.

मग नॉक्टुआच्या एनएच-डी१५ साठी १०० डॉलरच्या वर मोजणारे लोक मूर्ख आहेत काय? तसे मुळीच नाही. ते मोजतात ते शांततेसाठी आणि टिकाऊपणासाठी. ही ऑस्ट्रियन कंपनी सहा वर्षांची हमी देते आणि नवी सॉकेट आली की जुन्या कूलरसाठी लागणारे जोडसामान खरेदीच्या पावतीवर बहुधा विनामूल्य पाठवते. जो माणूस एकच कूलर तीन संगणकांना वापरणार असेल, त्याचा हिशेब वेगळा. तापमानातील फरक मात्र किमतीच्या फरकाएवढा नसतो.

पाण्यावर चालणारे कूलर २३०-२५० वॅटच्या प्रोसेसरांना, तेही सतत पूर्ण जोरात चालणार असतील तरच विचारात घ्यावेत. त्यांत पंप असतो, पाणी वर्षानुवर्षे नळ्यांतून अगदी हळूहळू कमी होत जाते आणि पंप बंद पडला की बहुधा सगळेच बदलावे लागते. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्याजोगी वस्तू एकच, पंखा. तो दहा-पंधरा डॉलरला कुठल्याही शहरात मिळतो. आज दुबई, उद्या सिंगापूर असे आयुष्य असणाऱ्यांना हे सोयीचे आहे.

मोजपट्टी हातात घ्या

कूलर परत करण्याची वेळ बहुधा तो कमी पडतो म्हणून येत नाही, तो मावत नाही म्हणून येते. तीन मापे पाहावीत. पहिले, सॉकेट. एएमडीचे एएम४ आणि एएम५, इंटेलचे एलजीए१७०० आणि एलजीए१८५१ यांपैकी आपले कोणते, ते कूलरच्या यादीत आहे का, हे तपासावे. दुकानात जुना साठा असेल तर पेटीत नव्या सॉकेटचे जोडसामान नसण्याची शक्यता असते.

दुसरे, उंची. पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर उंच आहे, एनएच-डी१५ १६५. आपल्या कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर बसतो हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. लहान कॅबिनेट असेल तर बसकट कूलर शोधावा. अशा वेळी प्रोसेसरही ६५ वॅटचाच असलेला बरा. तिसरे, रॅम. शोभेचे उंच कवच असलेली रॅम पुढच्या पंख्याला अडते. पंखा वर सरकवता येतो, पण मग एकूण उंचीही तेवढीच वाढते.

बसवताना होणारी चूक

आता माझ्या फजितीकडे वळतो. शेवटी मी दोन मनोऱ्यांचा कूलर दीडशे दिरहमच्या आत घेतला, मोठ्या आत्मविश्वासाने बसवला आणि संगणक सुरू केला. मिनिटभरात तापमान नव्वदीपार. जुन्या कूलरपेक्षाही वाईट. कूलर सदोष निघाला, असे म्हणत पुन्हा उघडला, तर तळावर प्लॅस्टिकची पातळ फीत तशीच. ती काढून मगच बसवावे, असे तिच्यावर लिहिलेले होते. रोज इतरांच्या मजकुरातील चुका काढणाऱ्या माणसाने एवढी एक ओळ वाचली नव्हती.

फीत काढली, तळ आणि प्रोसेसर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवली आणि स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, आलटून पालटून थोडे थोडे आवळले. पेस्ट म्हणजे लोणी नव्हे, जाड थर दिला की उष्णतेची वाट सुकर होण्याऐवजी अडते. पंख्याची चार पिनांची वायर मदरबोर्डवरील ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावावी. मग एचडब्ल्यूइन्फोसारखा विनामूल्य प्रोग्राम उघडून अर्धा तास जड काम देऊन पाहावे आणि तापमान व वेग दोन्ही नोंदवावेत. माझा आकडा पासष्टच्या आसपास स्थिरावला. पंखा आहे की नाही हे कान देऊन ऐकावे लागते.

परदेशस्थांसाठी आणखी एक गोष्ट. देश बदलताना संगणक सामानात पाठवणार असाल तर मोठा कूलर आधी काढून वेगळा गुंडाळावा. एनएच-डी१५ पंख्यांसह सव्वा किलोहून जड आहे; उभ्या मदरबोर्डवर तो आडवा लोंबत असतो आणि प्रवासातील एक धक्का मदरबोर्ड तडकवायला पुरेसा होतो. एएम४ सॉकेटवरून कूलर काढताना आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, विजेची वायर काढून, कूलर हलकेच फिरवत उचलावा. सरळ ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही पिनांसकट उपटून हातात येतो.

यंदा सुट्टीत नागपूरला गेलो, तेव्हा आईच्या देवघराशेजारच्या खोलीत ठेवलेला जुना संगणक उघडला. ती त्यावर कीर्तने ऐकते आणि नातवंडांशी बोलते. मे महिना होता, बाहेर ४४ अंश. तिने विचारले, “यालाही तुझ्यासारखा कूलर आणायचा का?” मी जाळीवरची धूळ काढली, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि संगणक खिडकीतल्या कूलरच्या ओल्या झोतापासून दूर, पण हवा खेळेल अशा कोपऱ्यात हलवला. ६५ वॅटचा प्रोसेसर, हलके काम. नव्या कूलरची त्याला गरज नव्हती, आणि ते सांगण्यासाठी आधी मोजावे लागले होते.